बेळगाव ते स्पिती, पितृपक्षातले सोळा दिवस: पहिल्यांदा लेह प्लॅनमधून काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही चौघं बेळगाव-खानापूरची पोरं, एक डिझेल फोर बाय फोर थार आणि एक जुनी टू व्हील ड्राइव्ह बोलेरो, गणपती विसर्जन आटोपलं की निघायचं आणि नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीच्या पहिल्या पहाटेला परत बेळगावात हजर, म्हणजे मध्ये पितृपक्षाचे सोळा दिवस, आणि तेवढ्यात शिमला, किन्नौर, स्पिती, मनाली, शिंकुला, झांस्कर, लेह असं सगळं जमेल तितकं कच्च्या रस्त्यानं करायचं, तर गाड्यांना काय काय लावू आणि रोज किती किलोमीटर धरू.

गाडीला काय लावायचं ते नंतर बघू, आधी सोळा दिवसांचा हिशोब करा की. बेळगाव ते चंदीगड पुणे, नाशिक, इंदूर, कोटा, जयपूर असं गेलात तर दोन हजार किलोमीटरच्या आसपास होतं. साडेपाचशेच्या हिशोबाने चार दिवस जायला, चार यायला, झाले आठ. डोंगरासाठी उरले आठ, आणि त्यात तुम्ही स्पिती, झांस्कर, लेह तिन्ही कोंबलेत. जमणार नाही असं मी म्हणत नाही, जमवणारे आहेत, पण ते फक्त गाडी चालवून परत येतात, स्पितीचं मुख्य गाव काझा, तिथं काय बघितलं विचारलं तर पेट्रोल पंप सांगतात. म्हणून लेह आणि झांस्कर काढा. शिंकुला खिंड कुठे पळून जात नाही, उलट २०२४ पासून तिथं बोगद्याचं काम चालू आहे, पुढे सोपंच होणार आहे.

आता 'रोज किती किलोमीटर' हा प्रश्नच डोंगरात चालत नाही. नारकंडा ते कल्पा दीडशेच्या वर किलोमीटर आहे आणि दिवस जातो. बातल ते ग्राम्फू, म्हणजे स्पितीतून मनालीकडे उतरतानाचा पट्टा, जेमतेम पन्नास, त्यालाही चार-पाच तास धरा. मॅप जो वेळ दाखवतो त्यात दरड, समोरून आलेला ट्रक, ब्लास्टिंगसाठी थांबवलेली रांग यातलं काही नसतं. मी प्लॅनमध्ये दोनच गोष्टी लिहितो, स्टिअरिंगवर किती तास आणि रात्री झोपायचं किती उंचीवर. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण गाडी दुरुस्त होते, डोकं धरून उलट्या करणारा माणूस बातलला दुरुस्त होत नाही.

म्हणून दिशा शिमल्याकडूनच धरा. मनालीकडून गेलात तर साधारण दोन हजार मीटरवर झोपून उठता आणि त्याच दिवशी ४५५० मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडून काझाला झोपता, शरीराला काय झालं ते कळायच्या आत. शिमल्याकडून चढ हळूहळू येतो. पहिली रात्र नारकंडा, २७०० च्या आसपास. दुसरी कल्पा, ती तीन हजाराच्या जरा खाली. तिसरीला लोक नाकोला थांबतात, तलाव आहे, फोटो छान येतात, पण नाको ३६०० च्या वर आहे, म्हणजे एका झटक्यात सातशे मीटरची उडी. नाकोला चहा पिऊन पुढे ताबोला जा, ताबो ३२८० वर आहे, दिवसा उंची गाठली आणि झोपायला खाली उतरलो, हेच तर पाहिजे. मग काझा, पावणेचार हजाराच्या आसपास, तिथं दोन रात्री. मधल्या दिवशी की गोम्पा, किब्बर, हिक्किम, कोमिक असं वर फिरून या आणि झोपायला परत काझा. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा डॉक्टर लोकांचा नियम आहे, तो या प्लॅनमध्ये बऱ्यापैकी बसतो. मग चंद्रताल तलावाजवळ एक रात्र, सव्वाचार हजाराच्या वर, आणि दुसऱ्या दिवशी ग्राम्फूवरून अटल टनेलमधून मनाली. तिसऱ्या दिवशी चंदीगड.

मोजा, डोंगराचे आठ दिवस तिथंच संपले, हातात एकही शिल्लक नाही. दोन-दोन ड्रायव्हर आहात तर जाताना चंदीगड तीन दिवसांत गाठा, तो वाचलेला दिवस काझाला ठेवा. काझाच का, तर तिथं निर्णय घ्यायचा असतो. कुंझुम उघडा आहे का, बातलकडून गाड्या येताहेत का, हे काझात बसून टॅक्सीवाल्यांना विचारायचं, हॉटेलवाल्याला नाही, त्याला तुम्ही अजून एक रात्र राहिलेले चालतात. रस्ता बंद असेल तर आल्या वाटेने काझा, कल्पा, नारकंडा, चंदीगड असं परतायलासुद्धा तेवढेच तीन दिवस लागतात. म्हणजे काझापर्यंत कुठलाच मार्ग हातातून गेलेला नसतो. कुंझुम ओलांडून खाली उतरलात आणि पुढं अडकलात तर मात्र दौड चुकली म्हणून समजा. गणपती उशिरा आले, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी निघणार असाल, तर हे जास्तच लागू. २०१८ च्या सप्टेंबरात लाहौल-स्पितीत असा बर्फ पडला होता की शेकडो लोक अडकले आणि हेलिकॉप्टरनं काढावे लागले. आणि लवकर निघालात तर किन्नौरच्या बाजूला पावसाची शेपूट असते, दरडी येतात. दोन्हीकडून थोडं थोडं आहे. घरच्यांना पितृपक्षात गाडी बाहेर काढायची म्हटल्यावर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आता गाडी. बोलेरो जाईल का म्हणून तुम्ही तीनदा लिहिलंय. जाईल. एचआरटीसीची, म्हणजे हिमाचलची सरकारी, साधी बस काझापर्यंत जाते, तिकडच्या टॅक्स्या वर्षानुवर्षं मागच्या चाकावर चालतात, आणि बोलेरोची उंची त्या रस्त्याला वाईट नाही. फरक पडतो तो ओझ्याने आणि बोलेरोच्या दुरुस्तीला आलेल्या जुन्या वस्तूंनी. तुम्ही स्नॉर्केल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी), गाडी उंच करायचं लिफ्ट किट, पुढचा जाड बंपर, लाइटबार अशी यादी दिलीय, यातल्या कशालाही मी पैसे घालणार नाही. बुलबार, म्हणजे पुढचे ते जाड बंपर, २०१७ पासून बंद आहेत, आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय, बेळगावात कोणी अडवत नाही पण दोन हजार किलोमीटरमध्ये किती राज्यं लागतात ते मोजा, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला आधी तेच बघतो. इंजिनसाठी मिळणारं वेगळं कव्हर मात्र घ्या, पाणी ओढून इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा येत नाही. इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून जाड बॅश प्लेट लावायची असेल तर उद्यमबागेत जाडी सांगून बनवून घ्या, तिथं लोखंडाचं काम करणारे कमी नाहीत, फक्त ऑइल ड्रेनचं भोक सोडायला सांगा, नाहीतर प्रत्येक ऑइल चेंजला प्लेट उतरवत बसाल.

खरा खर्च असा करा. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, दोन वर्षं जुनं ऑइल पाणी ओढून बसलेलं असतं आणि उतारावर तापलं की उकळतं, पेडल मऊ पडतं. बोलेरोचे व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश, क्लच प्लेट बघून घ्या, क्लच अर्धा गेलेला असेल तर इथंच बदला, तिकडे मिळेल न मिळेल. बेल्ट, होस पाइप आणि रेडिएटरचं झाकण. झाकणाकडे कोणी बघत नाही. चंद्रतालच्या उंचीवर पाणी ८६ डिग्रीच्या आसपासच उकळतं, गाडीत ते उकळत नाही कारण झाकण प्रेशर धरून ठेवतं आणि कूलंट असतो. झाकणाच्या आतलं रबर कडक होऊन चिरलं असेल तर बेळगावात काही कळणार नाही, चढावर लो गिअरमध्ये तासभर ओढल्यावर काटा वर जायला लागेल. बोटाने रबर दाबून बघा, मऊ नसेल तर नवीन घाला, किरकोळ पैशाचं काम आहे. आणि डिझेल बीएस-सिक्स थार असेल तर निघायच्या आधी हायवेवर एक लांब राउंड मारून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करून घ्या, डोंगरात दिवसभर वीस-तीसच्या स्पीडनं चालून त्यात काजळी साठते, लाइट लागली तर दुर्लक्ष करू नका.

पॉवर कमी होणार, त्याला घाबरू नका. टर्बो डिझेल बरंचसं सांभाळून घेतं, पण कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो, तेव्हा चढावर आधीच एक गिअर खाली टाका, इंजिन रडायला लागल्यावर नको.

टायर. थारचे आणि बोलेरोचे साइज वेगळे, म्हणजे एकाची स्टेपनी दुसऱ्याला उपयोगाची नाही, हे दोन गाड्या घेऊन जाणाऱ्यांच्या लक्षात शेवटी येतं. प्रत्येक गाडीला चांगली स्टेपनी, पंक्चरची दोरी आणि सुई, आणि हवा भरायला बारा व्होल्टचा चांगला इन्फ्लेटर, स्वस्तातला खेळण्यातला नको. साइडवॉल कापली गेली तर दोरी चालत नाही, तिथं स्टेपनीच. जॅकखाली ठेवायला एक फूटभर जाड फळी टिंबर मार्केटमधून घ्या, मऊ खडीत जॅक जमिनीत जातो, गाडी वर येत नाही. हवा पक्क्या रस्त्यावर ३२-३३ असेल तर लांब खडीच्या रस्त्यावर २५ पर्यंत आणा, खडखड अर्धी होते आणि पंक्चरही कमी होतात, परत डांबर लागलं की भरा. आता गंमत बघा, बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथं ३२ भरून चंद्रतालला पोहोचलात की हवा विरळ झाल्यामुळे दुपारी गेजवर साडेचार-पाच पीएसआय जास्त दिसणार, आणि पहाटेच्या थंडीत तेवढेच कमी होऊन परत ३२ च्या जवळपास येणार. पहाटे बघून कोणी हवा भरू नका आणि दुपारी बघून कोणी सोडू नका, एकच वेळ ठरवा.

ओझं. छपरावर फक्त हलकं, झोपायच्या पिशव्या, चटया, बाकी सगळं खाली आणि मागच्या चाकाच्या पुढे. चौघांचं सामान, दोन सिलिंडर, रूफ टेंट असं वर बांधलंत तर आडव्या उतारावर गाडी कलंडायला लागते. रूफ टेंट नकोच, काझात होमस्टे आहेत, चंद्रतालला कॅम्प आहेत आणि तलावाच्या काठापर्यंत गाडी नेता येत नाही, बरोबरच आहे ते. डिझेलचा कॅनही नको. रिकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल, काझात पंप आहे तिथं परत फुल, दोन्ही टप्पे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचे, लो गिअरमध्ये मायलेज निम्म्यावर आलं तरी तुमच्या टाकीत पुरतं. खायला भडंग, चिवडा, शेंगदाणा लाडू हवे तेवढे घ्या, कुंदाही टिकतो.

आता जिथं लोक खरंच अडकतात ते, नाला. चंद्रतालहून निघाल्यावर बातल, छत्रू, ग्राम्फू या पट्ट्यात हिमनदीचं पाणी रस्त्यावरून वाहतं. पहाटे कमी, दुपारी ऊन लागून बर्फ वितळला की दुप्पट-तिप्पट. म्हणून चंद्रतालहून सहाला निघायचं, चहा बातलच्या चाचा-चाचीच्या ढाब्यावर. सप्टेंबरअखेर पहाटे दगडांवर बर्फाचा पातळ थर असतो, ते वेगळं, तिथं हळू.

नाला आला की दोन्ही गाड्या अलीकडे थांबवा. घाई असणाऱ्या माणसाला खाली उतरवू नका, शांत असेल त्याला उतरवा, पायात पट्ट्याचे फ्लोटर, हातात काठी, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून काठीनं चाचपत आडवं चालायचं. पाणी गढूळ दुधट असतं, तळ दिसत नाही. जिथं पाणी पसरून फुटतंय तिथं उथळ, जिथं गुळगुळीत आणि गप्प वाहतंय तिथं खोल. पलीकडे आधीच्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा कुठून वर चढल्यात ते बघा. गुडघ्याच्या वर येतंय आणि पायाला ढकलतंय, तर थांबा, पहाटेपर्यंत थांबा, मागे ढाबा आहे. बोलेरोसाठी पाणी चाकाच्या मधोमध आलं की पुरे, थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते पण तो स्थिर पाण्याचा आकडा आहे, वाहत्या पाण्यात तेवढं मी कधी जात नाही.

थार आधी. फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण सावकाश), त्यात पहिला किंवा दुसरा, पाण्यात शिरण्याआधी गिअर ठरवायचा आणि मध्ये क्लचला पाय लावायचा नाही. हळू शिरा, बंपरपुढे छोटी लाट तयार होते, तिच्या मागोमाग त्याच स्पीडनं जा, घाबरून अॅक्सिलरेटर मारला की पाणी बॉनेटवर येतं. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकते. पलीकडे पोहोचल्यावर पन्नास मीटर ब्रेक हलके दाबत चाला म्हणजे सुकतात. मग बोलेरो, आणि थार पलीकडे दोर तयार ठेवून उभी. दोर गाडीच्या मूळ टोइंग हुकला, बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही, ओढताना दोरावर जाड जॅकेट टाका आणि माणसं दोरापासून लांब, तुटलेला दोर काच फोडून आत येतो.

बाकी चालवणं तुम्ही चोर्ला घाटात शिकलाच आहात, तेच तिकडे. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, गिअरवर उतरा, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरायचं. चढणाऱ्याला आधी वाट द्या. समोरून ट्रक आला तर डोंगराच्या बाजूला दबा, दरीकडची कड पावसानंतर पोकळ असते, दिसायला पक्की दिसते. दोन गाड्यांमध्ये धूळ बसेल एवढं अंतर, फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही.

प्रॅक्टिस इथंच करा. ओझं भरलेली बोलेरो तिलारी घाटात खाली-वर एकदा, उतरून लगेच ब्रेकचा वास घ्या. चिखलाला खानापूरची लाल माती आणि बैलहोंगलकडची काळी माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लाल घसरवते, काळी चाकात भरून चाकच गुळगुळीत करते, दोन्हीकडे ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून, गाडी रुतवून बाहेर काढून बघा. भीमगड अभयारण्यात किंवा कणकुंबी-आमगावकडच्या जंगलातल्या वाटांवर नको, वनखात्याची केस लागली तर तुमचे सोळा दिवस खानापुरातच जातील.

विदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट मेसेंजर मागवताय म्हणून लिहिलंय, तो मागवू नका, परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि बॉर्डरच्या भागात तर विचारूच नका. ऑफलाइन मॅप, प्रत्येक गाडीत एक बीएसएनएल आणि एक जिओ, आणि दोन गाड्यांत बोलायला ४४६ मेगाहर्ट्झवाले लायसन्स-फ्री वॉकीटॉकी, एवढं बस. रोज सकाळी घरी मेसेज, आज कुठून कुठं आणि उद्या किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची ते.

आणि दारू. आपल्याकडे गोवा दोन-अडीच तासांवर असल्यामुळे ट्रिप म्हटली की डिकीत आधी तेच जातं. चंदीगडच्या पुढे ती डिकीतच ठेवा, वरच्या हवेत डोकेदुखी दारूची की उंचीची हेच कळत नाही आणि त्या गोंधळात माणूस जातो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी आधी आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यानं तर नक्कीच. चालताना तोल जाणं, बडबडणं, बसल्या जागी धाप आणि खोकला, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच खाली. म्हणून रोज रात्री एक ड्रायव्हर पूर्ण झोपलेला आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे.

बोलेरोचे टायर किती जुने आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. साइडवर डॉटच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांच्या वर गेले असतील तर खोबणी कितीही शिल्लक दिसू दे, बदला. स्टेपनीचाही आकडा बघा, ती बहुतेक वेळा गाडीबरोबर आलेलीच असते. आकडे कळवा, मग कुठला टायर घ्यायचा ते सांगतो.